‘एआयने सांगितलं’ म्हणजे नक्की कोणी सांगितलं?

आपल्या समाजात सध्या एआयवर तीन प्रकारची माणसे बोलताना दिसतात. पहिले विचारतात, हे हलाल की हराम? दुसरे अल-ख्वारिझ्मीचे चित्र फॉरवर्ड करून सांगतात की ‘अल्गोरिदम’ हा शब्द आपल्याच माणसाच्या नावावरून आला, म्हणजे हे सगळे मुळात आपलेच. (ते चित्र बहुतेक वेळा 1983 च्या सोव्हिएत टपाल तिकिटावरचे असते, हे फॉरवर्ड करणाऱ्याला माहीत नसते.) तिसरे तीन महिन्यांचा ‘एआय कोर्स’ विकतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात.

माझा या तिघांशीही वाद आहे. तिघेही एआय ही एकच वस्तू धरून चालतात. मी दारव्ह्याचा, इंजिनिअरिंग करून बाहेर पडलो आणि बरीच वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आहे. आमच्या कामात कोणी नुसते ‘एआय लावू’ म्हणाले तर पहिला प्रश्न येतो, कोणते मॉडेल? कशावर शिकवलेले? चुकले तर कोणाला कळणार? ऑफिसात हे प्रश्न रोजचे आहेत. मोहल्ल्यात मात्र ते कोणीच विचारत नाही, आणि या अज्ञानाची किंमत सगळ्यात आधी आपल्याला मोजावी लागणार आहे. नाव, चेहरा आणि बोली या तीन गोष्टींवरून माणसाची छाननी करणारी यंत्रे येत आहेत आणि या तिन्ही गोष्टींत आपण सहज वेगळे काढता येतो.

मॉडेल म्हणजे व्यापाऱ्याचा हात

आधी मॉडेल म्हणजे काय ते समजून घेऊ. त्यासाठी संगणक लागत नाही, कापूस पुरेसा आहे.

आपल्याकडे कापसाची गाडी बाजारात येते. व्यापारी कापसात हात घालतो, धागा ओढून पाहतो आणि भाव बोलतो. त्याला विचारा, कशावरून? त्याला नीट सांगता येत नाही. वीस हंगाम कापूस पाहून त्याच्या हाताला ते कळते. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर वेगळा प्रकार असतो. तिथे ओलावा मोजायचे यंत्र लावतात, आकडा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. इथे अनुभव नाही, नियम आहे. कोणीतरी तो लिहिला, तुम्ही तो वाचू शकता, त्यावर भांडू शकता.

ओलाव्याचे यंत्र म्हणजे साधे सॉफ्टवेअर. व्यापाऱ्याचा हात म्हणजे मॉडेल. मॉडेलला नियम कोणी लिहून देत नाही. त्याच्यापुढे हजारो, लाखो उदाहरणे ठेवतात. प्रत्येक उदाहरणाला ते उत्तर देते, उत्तर चुकले की त्याच्या आतले आकडे थोडे हलवतात. असे कोट्यवधी वेळा केल्यावर ते आकडे बसतात आणि तो बसलेला आकड्यांचा साठा म्हणजे मॉडेल. त्याच्याकडे अक्कल आहे की नाही यावर तत्त्वज्ञांनी भांडावे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की त्याने जे पाहिले, त्यातूनच ते बोलते. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यभर आपल्या काळ्या जमिनीतलाच कापूस पाहिला, त्याच्यापुढे दुसऱ्या मुलखातला माल ठेवला तर तो चुकेल. आणि चुकतानाही भाव तितक्याच ठामपणे बोलेल.

प्रकार वेगळा, चूकही वेगळी

पहिला प्रकार वर्गीकरणाचा. समोरची वस्तू कोणत्या खान्यातली, एवढेच हे मॉडेल सांगते. याचे एक चांगले उदाहरण कपाशीतलेच आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने बोंडअळीसाठी असे मॉडेल केले. शेतकरी कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढतो, मॉडेल पतंग ओळखून मोजते आणि फवारणी करायची की नाही याचा सल्ला मिळतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले. त्या जिल्ह्यात विनाकारण होणारी एक फवारणी वाचली तरी ती मोठी गोष्ट आहे. शिवाय इथे यंत्र चुकले तर सापळा शेतकऱ्याच्या हातात असतो. तो स्वतः मोजू शकतो. चूक पकडण्याची सोय ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्याकडेच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा प्रकार जुळवणारा. चेहरा ओळखणारे मॉडेल ‘हा अमुक माणूस’ असे कधीच सांगत नाही. ते दोन फोटोंमध्ये साम्य किती, याचा आकडा देते. किती साम्याला ‘तोच माणूस’ म्हणायचे, ही रेषा माणूस ओढतो. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात ही रेषा 80 टक्के असल्याचे सांगितले. 80 च का, 90 का नाही? हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि कारभाराचा जास्त आहे. याच पोलिसांनी 2018 मध्ये हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितले होते की त्यांच्या चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेची अचूकता 2 टक्के आहे.

नावे जुळवणारे सॉफ्टवेअर याच जातीचे. तेलंगणाच्या ‘समग्र वेदिका’ या यंत्रणेत वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून एका माणसाचे एकच चित्र उभे केले जाते. हैदराबादच्या एका सायकलरिक्षा ओढणाऱ्याच्या विधवेचे रेशन त्यात अडकले. तिच्या नवऱ्याशी मिळतेजुळते नाव असलेल्या दुसऱ्याच कोणाकडे कार होती, आणि यंत्राने ती कार याच्या नावावर मांडली. तेलंगणात लाखो कार्डे रद्द झाल्यावर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा पडताळणी करा.

आता आपल्या घरातले कागद काढून पाहा. शाळेच्या दाखल्यावर ‘शे. रहीम शे. करीम’, आधारवर ‘शेख रहीम’, सातबाऱ्यावर ‘रहीम वल्द करीम’, मतदार यादीत ‘शेख रहिम शेख करिम’. ‘अ.’ म्हणजे अब्दुल, ‘मो.’ म्हणजे मोहम्मद, ‘सै.’ म्हणजे सय्यद, हे आपल्या शाळेच्या बाबूला माहीत आहे. यंत्राला कोणी सांगितले का? पश्चिम बंगालमध्ये मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणात सॉफ्टवेअरने ‘तार्किक विसंगती’ म्हणून लाखो नावे बाजूला काढली. त्यात नावांच्या स्पेलिंगमधले फरक हे एक मोठे कारण होते. जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. शे. आणि शेख यांतला फरक दारव्ह्यात हसण्यावारी जातो. यादीत तो नोटीस होऊन येतो.

तिसरा प्रकार शिफारशीचा. तुमच्या मोबाइलवर पुढचे रील कोणते दाखवायचे हे तो ठरवतो. तुम्ही किती वेळ थांबलात हे तो पाहतो. तुम्ही रागाने थांबलात की प्रेमाने, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आपल्याला शिव्या देणारे रील आपण संतापून तीनदा पाहतो आणि चौथे आपणच मागवून घेतो.

चौथा प्रकार मजकूर निर्माण करणारा, म्हणजे चॅटजीपीटीसारखी भाषा मॉडेल. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ती शिकलेली असतात. तो शब्द खरा आहे का, ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून एखादा मसला विचारला तर असे मॉडेल हदीस, ग्रंथाचे नाव आणि क्रमांक सगळे देते आणि क्रमांक उघडून पाहिला तर तिथे ती हदीस नसते. यात त्याचा कपटी हेतू नसतो, हदीसचा क्रमांक कसा दिसतो हे ते शिकलेले असते. जे तरुण मौलानांच्या शब्दावर शंका घेण्याचा अधिकार अभिमानाने सांगतात, त्यांनी ही शंका स्क्रीनवरच्या शब्दांसाठीही राखून ठेवावी.

बोलीला पासपोर्ट नसतो

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी 2026 मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या धामधुमीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की बेकायदा राहणारे बांगलादेशी ओळखण्यासाठी आयआयटी मुंबईच्या मदतीने एआय साधन तयार होत आहे. बोलण्याची ढब, सूर आणि शब्दांचा वापर यांवरून प्राथमिक छाननी करायची, अशी कल्पना आहे.

वर सांगितलेल्या प्रकारांत हे कुठे बसते? हे वर्गीकरणाचे मॉडेल आहे. आवाज आत जातो, खाना बाहेर येतो. आवाजावरून बोली ओळखता येते का? बऱ्याच अंशी येईल. पण बोलीवरून नागरिकत्व ओळखता येते का? यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद आहे. तिथल्या गावांत आपल्यासारखीच मराठी बोलणारी माणसे राहतात. आवाज ऐकून कोणाचे मत महाराष्ट्रात आणि कोणाचे तेलंगणात, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही, कारण ती माहिती आवाजात नाहीच. मुर्शिदाबाद आणि त्याच्या पलीकडचे राजशाही यांच्यातही मध्ये एक सीमा आहे, ती 1947 ला आली. बोली त्याआधीची आहे. जी माहिती आवाजात नाही, ती मॉडेल कितीही मोठे केले तरी आवाजातून निघणार नाही. आयआयटीतल्या संशोधकांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. प्रश्नच चुकीचा असेल तर हुशार माणूसही त्याचे बरोबर उत्तर काढू शकत नाही.

तरी आपण उदार होऊ. समजा हे साधन 100 पैकी 95 वेळा बरोबर येते. एका गावात 10,000 माणसांचे आवाज तपासले आणि त्यांत खरोखर बेकायदा आलेले 10 आहेत. उरलेल्या 9,990 पैकी 5 टक्के, म्हणजे सुमारे 500 निर्दोष माणसे यंत्र पकडेल. खऱ्या दहातले नऊ-दहा सापडतील. म्हणजे पकडलेल्या प्रत्येक पन्नास माणसांत एकोणपन्नास आपल्याच देशाची. वर्तमानपत्रात मात्र ‘95 टक्के अचूक एआय’ एवढेच छापून येईल. ही आकडेमोड दहावीच्या मुलाला जमते. ती दहावीच्या मुलाला शिकवणे हेच आपले काम आहे.

कोणी म्हणेल, आपण बंगाली बोलत नाही, आपल्याला काय? दोन गोष्टी सांगतो. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही भारतीय नागरिकांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. त्यात यंत्र नव्हते, माणसेच होती. अशा माणसांनी केलेल्या नोंदी उद्या यंत्राला उदाहरण म्हणून दिल्या तर ते तीच चूक शिकेल आणि फार वेगाने करेल. दुसरी गोष्ट, आपण घरात बोलतो ती उर्दू लखनौची नाही, हैदराबादचीही नाही. तिच्यात ‘हौ’ आहे, ‘मेरेकू’ आहे, मध्येच वऱ्हाडी ‘काहून’ आहे. ही बोली कोणत्या मॉडेलने किती तास ऐकली आहे? जे मॉडेलने ऐकलेले नाही त्यालाही ते कुठल्या तरी खान्यात टाकतेच. ‘मला माहीत नाही’ असा खाना कोणी मुद्दाम ठेवला तरच असतो.

आणि हे सगळे फक्त मुंबईपुरते आहे असे समजू नका. राज्य सरकारने 2024 मध्ये पोलिसांसाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही एआय कंपनी काढली. तपासात मदत करणारी ‘महाक्राइमओएस’ ही भाषा मॉडेलवर चालणारी प्रणाली नागपुरात वापरून झाल्यावर ती राज्यातल्या सर्व 1,100 पोलिस ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर 2025 मध्ये झाली. त्या 1,100 त दारव्ह्याचे ठाणे आलेच. पोलिसांना चांगली साधने मिळू नयेत असे माझे म्हणणे नाही. सायबर फसवणुकीत पैसे गेलेल्या म्हाताऱ्याला त्याने मदत होईल तर चांगलेच आहे. पण कागद वाचून सारांश करणारे मॉडेल आणि माणसाकडे बोट दाखवणारे मॉडेल यांतला फरक नागरिकांना कळत नसेल, तर एकाच्या कौतुकाआड दुसरे निमूट आत येते.

रडगाणे नको, मोजमाप हवे

आता आपल्याच लोकांशी थोडे भांडतो. हा सगळा आपल्याविरुद्धचा कट आहे, असे म्हणून हात झटकणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी 2021 चे एक उदाहरण. अबूबकर आबिद, माहीन फारूकी आणि जेम्स झू या तीन संशोधकांनी जीपीटी-3 या मॉडेलला ‘दोन मुस्लिम एका ठिकाणी शिरले’ अशा अर्थाचे अर्धे वाक्य शंभर वेळा पूर्ण करायला दिले. 66 वेळा पुढे हिंसा आली. दुसऱ्या धर्मांची नावे टाकल्यावर हे प्रमाण बरेच कमी होते. इंटरनेटवर आपल्याबद्दल जे लिहिले गेले, ते यंत्राने गिळले आणि ओकले.

हे तिघे नुसते निषेधाचे पत्रक काढून थांबले नाहीत. त्यांनी मोजले, पद्धत लिहिली आणि छापले. वाक्याआधी मुस्लिमांबद्दल चांगले विशेषण जोडले तर हिंसेचे प्रमाण 20 पर्यंत खाली येते, हेही त्यांनीच दाखवले. त्यामुळे बोलणे आरोपापुरते उरले नाही, कोणालाही पुन्हा करून पाहता येईल असा पुरावा झाला. आपल्या बाजूने शंभर भाषणांनी जे झाले नसते, ते एका मोजणीने झाले.

मराठीतही असे काम चालू आहे. पुण्याच्या एल3क्यूब या गटाने 2022 मध्ये ‘महाहेट’ हा 25,000 हून अधिक मराठी ट्वीटचा संच खुला केला. प्रत्येक ट्वीटवर खूण आहे: द्वेषाचे, अपमानकारक, शिवराळ की साधे. या खुणा माणसे करतात. ‘लांड्या’ हा शब्द कोठे शिवी असतो आणि कोठे आपल्याच गावातला मित्र गमतीने म्हणतो, हे तुम्हाला ऐकताक्षणी कळते. असे नवे संच बनतील तेव्हा खुणा करणाऱ्यांत तुम्ही असणार का? मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये मराठी आहे, कोणीही आपल्या आवाजात वाक्ये वाचून देऊ शकतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: आपला आवाज आपणच दिला तर तो आपल्यावरच वापरतील. हा आक्षेप पोकळ नाही. पण बाहेर राहिल्याने यंत्र थांबत नाही, ते आपल्याला न ऐकताच आपल्याबद्दल निकाल देते. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील: आत शिरून यंत्राला आपली बोली शिकवणे, आणि बाहेर उभे राहून त्याच्या वापराला कायद्याचे कुंपण मागणे. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे, तिच्यावर बोलणे आपल्या संघटनांच्या अजेंड्यावर का नाही? हैदराबादचे सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना 2021 च्या लॉकडाउनमध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून मास्क काढायला लावला आणि फोटो घेतला. ते घरी जाऊन गप्प बसले नाहीत, चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेविरुद्ध तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. आपल्या जिल्ह्यात असे किती अर्ज गेले?

तेव्हा कोर्स नंतर करा. आधी पाच प्रश्न पाठ करा आणि कोणीही ‘एआयने सांगितलं’ म्हणाले की विचारा. हे नियमाचे सॉफ्टवेअर आहे की शिकवलेले मॉडेल, आणि कोणत्या प्रकारचे? कशावर शिकवले? आमच्यासारख्या लोकांवर तपासून पाहिले तेव्हा किती वेळा चुकले? ‘हो’ म्हणण्याची रेषा कोणी आणि किती टक्क्यांवर ओढली? आणि ते चुकले तर मी कोणाकडे दाद मागू, त्या अधिकाऱ्याचे नाव काय?

हे पाचही प्रश्न माहिती अधिकाराच्या एका साध्या अर्जात बसतात. पहिल्यांदा उत्तर टाळले जाईल, तेव्हा अपील करा. त्यासाठी कोडिंग यायला लागत नाही, मराठीत चार ओळी लिहिता आल्या की पुरते. यंत्र स्वतःहून कोणालाही घराबाहेर काढत नाही आणि कोणाचे रेशनही बंद करत नाही. त्याने दिलेल्या आकड्याखाली कोणीतरी माणूस सही करतो. आपला प्रश्न त्या सही करणाऱ्याला आहे, आणि तो आपण सही होण्याआधी विचारला पाहिजे.